बेस घेतलात, पण लावलात का?

हरिपाठ सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं कधी नीट बघितलीत का? राणीसावरगावात बघा, गंगाखेडात बघा, परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात बघा. पखवाज घेऊन बसलेला माणूस (वारकरी मंडळी पखवाजाला मृदंगच म्हणतात) कणीक भिजवत असतो. गोळा डाव्या पुडीच्या मधोमध थापतो, पाण्याचा हात फिरवतो, एक थाप मारून ऐकतो. चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा ऐकतो. मग हातोडीने उजवी बाजू ठाकठोक करतो. त्याला कुणी घाई करत नाही. आधी वाद्य लावायचं आणि मग वाजवायचं, हे समोर बसलेल्या पाच वर्षांच्या लेकराला पण माहीत असतं.

आता त्याच घरातलं अठरा वर्षांचं पोरगं हप्त्यावर बेस गिटार मागवतं. खोकं फोडतं, वायर खुपसतं, व्हॉल्यूम वाढवतं. आवाज येतो तो पत्र्याच्या डब्यासारखा. पोरगं मोबाइल काढतं आणि शोधतं: चांगल्या टोनसाठी कुठलं पेडल घ्यावं? पाच तारांचा बेस घ्यावा का? अ‍ॅक्टिव्ह घ्यावा का? या प्रश्नांची उत्तरं द्यायला हजारो व्हिडिओ तयार आहेत आणि प्रत्येकाखाली खरेदीची लिंक आहे. त्याला एकच प्रश्न कुणी विचारत नाही. बाबा, तू तो लावलास का?

माझं भांडण इथे आहे. मराठीत वाद्य 'लावतात'. तंबोरा लावतात, तबला लावतात. इंग्रजीत ज्याला सेटअप म्हणतात त्यासाठी आपल्याकडे शेकडो वर्षांपासून एक साधं क्रियापद आहे. बेस गिटार हातात आली आणि आपण ते विसरलो. उरलं फक्त 'घेणे'.

आधी बेस म्हणजे काय ते बोलू, कारण त्यातच घोळ आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. पुढच्या तीन तारांची ५५, ७३ आणि ९८. मोबाइलचा स्पीकर असतो नखाएवढा. त्यातून ४१ हर्ट्झ निघतच नाही. निघतात ते त्या सुराचे वरचे पडसाद, आणि त्यावरून मूळ सूर काय असेल याचा अंदाज आपला मेंदू बांधतो. म्हणजे मोबाइलच्या स्पीकरवर 'टोन रिव्ह्यू' बघून बेस निवडणारा माणूस जे तिथे नाहीच ते ऐकून पैसे मोजतोय. निदान इअरफोन तरी लावा.

खालचा आवाज ऐकायला मिळतो ती दुसरी जागा म्हणजे वरातीतला डीजे. तिथे नेमकं उलटं. ट्रकवर रचलेली बहुतेक खोकी एका ठरावीक सुराच्या आसपास जास्त घुमतात. गाणं कुठलंही असो, छातीवर दणका तोच. त्याला आपण 'बेस' म्हणायला लागलो. (जाता जाता: कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजणी ज्या 'ए' पट्टीवर होते, ती ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. भिंत हादरवणारा आवाज कागदावर बराच सभ्य दिसतो तो असा.) एकीकडे मोबाइलमधला नसलेला बेस, दुसरीकडे ट्रकवरचा नुसता दणका. या दोहोंच्या मध्ये बेस नावाचं जे वाद्य आहे, जे ढोलाचा ठेका आणि गाण्याचा सूर यांची गाठ मारतं, ते ऐकायलाच मिळत नाही. मग ते वाजवणाऱ्या पोराने आपला टोन कशाशी ताडून बघायचा?

तेव्हा पेडल राहू द्या. बेस उभा धरा आणि डोक्याच्या बाजूने मानेवरून एक डोळा मिटून बघा. मान सरळ आहे का, पिळलेली आहे का? पिळलेली असेल तर परत पाठवा, ती कशानेही सुधारणार नाही. किंचित बाक असेल तर तो हवाच. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने जिथे मान धडाला मिळते तिथे दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. लग्नपत्रिकेचा जाडसर कागद सरकेल एवढी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास, पुरे. जास्त असेल तर मानेच्या आत जी लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती अ‍ॅलन कीने आवळायची. पाव वळसा, त्याहून जास्त नाही. मग तारा पुन्हा सुरात आणायच्या, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा बघायचं. जोर लावावा लागला तर हात काढून घ्या. सळई तुटली की बेस गेला.

हे एकदा करून भागत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात लाकूड वाळतं, मान मागे जाते आणि तारा फ्रेटवर खरखरतात. आषाढात हवा ओली होते, मान पुढे झुकते, तारा उंच होतात आणि बोटं सोलून निघतात. पोरगं म्हणतं, बेस आपल्याच्याने होत नाही, आणि वाद्य कपाटावर चढतं. दोष बोटांचा नसतो. तो त्या पाव वळशाचा असतो. किती पोरं अशी गेली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण कपाटावरच्या गिटारी मी स्वतः पाहिल्यात. आणि हो, पत्र्याच्या खोलीत बेस वर टांगून ठेवू नका. दुपारी तिथे पापड भाजतील.

मान झाली की तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन-अडीच मिलिमीटर वर असली की चालते. दणकून वाजवणार असाल तर थोडी अजून. मग घोडीवरची खोगिरं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा सूर एकच यायला हवा. दाबलेला सूर चढा येत असेल तर खोगीर मागे सरकवून तार लांब करा, उतरता असेल तर पुढे घ्या. ट्यूनर मोबाइलमध्ये फुकट मिळतो. यंत्राचा एवढा उपयोग जरूर करा. शेवटी पिकअप. तो तारांच्या फार जवळ आणला तर जाड तार बाकीच्यांना गिळते, लोहचुंबक तारेला ओढतं आणि सूर डळमळतो. पिकअपचे स्क्रू फिरवायला पैसे पडत नाहीत. टोनमध्ये जो फरक तुम्ही पेडलमध्ये शोधत होता, त्यातला बराचसा इथे निघतो.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर दुसरं काय करतात? घोडी किंचित घासायची, तार तिला कुठे टेकते ते बघायचं, तारेखाली दोरा सरकवायचा. तार लाकडाला किंचित घासून झणझणावी ही तिथली कमाई. बेसवर तीच घासणी म्हणजे खरखर, म्हणून ती काढायची. हेतू उलटा, पण विद्या एकच. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण स्टेटस ठेवले. त्या कारागिरांकडून जी गोष्ट उचलायची, ती मात्र उचलली नाही.

तारांचं सांगतो. जाड तारेभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते ती कशासाठी? वजनासाठी. वजन वाढलं की सूर खाली जातो. पखवाजाची कणीक तेच करते. बाहेरची तार गोल असेल तर आवाज चकचकीत आणि बोटाची सरसर ऐकू येते. चपटी असेल तर गोल, मऊ, जुन्या सिनेमासारखा. दोन्ही बरोबरच. चूक ही, की हजारोंचा बेस घेतात आणि दुकानातून आलेल्या गंजक्या तारांवर चार वर्षं काढतात. नवा सेट परवडत नसेल तर गोल तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळा, कोरड्या पुसा, परत चढवा. घामाचा मळ निघतो आणि महिनाभर तरी त्या बोलतात. पातेलं मात्र स्वयंपाकाचं घेऊ नका. मी घेतलं होतं.

आता विजेकडे येऊ, कारण इथे टोनच्या आधी जीव आहे. गावात कार्यक्रम म्हणजे आकडा, लोंबती वायर आणि प्लगच्या जागी सॉकेटात काडेपेटीच्या काड्यांनी अडकवलेल्या दोन उघड्या तारा. तिसरी पिन, अर्थिंगची, तोडलेलीच असते. स्पीकरमधून हूं असा आवाज येतो आणि सगळे म्हणतात, बेस खराब आहे. बेसच्या तारांना हात लावल्यावर ती घरघर कमी झाली तर त्यात फारसं वावगं नाही. पण एका हातात बेस आणि ओठ माइकला लागताच झिणझिणी आली, तर ताबडतोब वाजवणं थांबवा, आयोजक काहीही म्हणो. नवीन पेडलच्या आधी तीन पिनांचा धड बोर्ड आणि अर्थिंग तपासायला एक टेस्टर घ्या. एवढी कळकळीची विनंती या लेखात दुसरी नाही.

पुढची चूक: बेसची वायर सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये. साध्या पिकअपचा नाजूक सिग्नल तिथे दबतो, वरची धार जाते आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. मध्ये डीआय नावाची छोटी डबी लागते. पेडलांच्या रांगेपेक्षा ती एक डबी जास्त कामाची. लीड गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये बेस जोरात वाजवू नका, स्पीकरचा कागद फाटतो.

आणि ते नॉब. एकट्याने खोलीत वाजवताना खालचा भाग वाढवायचा, वरचा वाढवायचा, मधला पाडायचा. काय गोड लागतं! व्हिडिओवाले हेच करतात, कारण तेही एकटेच वाजवत असतात. मग तुम्ही बँडमध्ये उभे राहता. खालचा भाग ढोलाने घेतलेला, वरचा झांजेने आणि कीबोर्डने. तुमच्यासाठी जो मधला राखून होता तो तुम्हीच पाडलात. मित्र म्हणतात, अरे वाजवतोयस का नुसता उभा आहेस? मधला भाग वाढवा. एकट्याने वाजवताना कानाला खडबडीत लागेल. लागू द्या. बेस एकट्याने ऐकायचं वाद्यच नाही.

जेम्स जेमरसन हे नाव शोधा. अमेरिकेत मोटाउनच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांतला बेस त्याचा. त्याच्याकडे १९६२ चा एक प्रिसिजन बेस, त्यावर जाड चपट्या तारा, ज्या तो बदलतच नसे. घोडीपाशी तारांना टेकणारा स्पंज. उजव्या हाताचं एकच बोट. आणि वायर थेट स्टुडिओच्या टेबलात. टेबल अर्थातच त्या कामाचं होतं. एवढंच सामान. आपल्याकडे आर. डी. बर्मनच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ. ती गाणी लग्नात, टपरीवर, ट्रॅव्हल्समध्ये रोज वाजतात. गायक सगळ्यांना पाठ, बेसवाल्याचं नाव दहांपैकी एकालाही नाही. गिअरचे आकडे मात्र तोंडपाठ.

मी यंत्राच्या विरोधात नाही. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या सिनेमातल्या वादकाने रोलँडची तीन यंत्रं घेऊन रागांची आख्खी तबकडी काढली. त्यातलं टीबी-३०३ तर बेसवादकाऐवजी वापरायलाच बनवलेलं, आणि ते काम त्याला कधी धड जमलं नाही. सिंगांनी ते बसून, ऐकून, फिरवून लावलं, म्हणून त्यातून वेगळंच काही निघालं. आज गावोगावच्या पार्ट्यांत कीबोर्डवर एक बटण दाबलं की ठेका आणि बेस आपोआप चालू होतो. गाणारा थांबला तरी तो थांबत नाही. माझी तक्रार त्या न ऐकणाऱ्या बटणाबद्दल आहे.

कुणी म्हणेल, गरिबाच्या पोराने चांगलं वाद्य घेऊच नये का? घ्यावं, हक्काने घ्यावं. पण बाजार त्याला जे सांगतो ते श्रीमंताच्या सोयीचं आहे: आवडलं नाही की पुढचं घे. ज्याला दुसरं घेता येणार नाही, त्याला पहिलं लावता आलंच पाहिजे. राणीसावरगावाहून सेटअप करून घ्यायला कोण कुठे जाणार? एक अ‍ॅलन की, एक स्क्रूड्रायव्हर, एक पट्टी. कणीक भिजवणारा माणूस तरी कुठे शहरात जातो?

माझ्या बेसचं शेवटचं काम अशाच एका माणसाने केलं. घरी सराव करत होतो. गल्लीतले पखवाजवाले महाराज ओट्यावर टेकले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "लेकरा, तुझं खालचं बंदच होईना गेलंय. एक थांबायच्या आत दुसरं. सगळं एकात एक कालवायलंय."

मी म्हणालो, "महाराज, ते तसंच घुमतं."

"घुमतंय तर बांध की त्याला. आम्ही काय करतो?"

घरात भांडी घासायचा नवा स्पंज होता. बोटभर रुंद पट्टी कापून घोडीपाशी तारांखाली सारली. महाराजांनी दोनदा वाजवून घेतलं, म्हणाले, जरा कमी कर. अर्धी पट्टी काढली. परत वाजवलं. त्यांनी मान हलवली आणि हरिपाठाची वेळ झाली म्हणून उठून गेले. उरलेला स्पंज आईला परत दिला.