जे आधी होईल ते

दसऱ्याच्या दुपारी सक्करदरा चौकातून नुसतं चालत गेलात तरी पाच-सात नव्याकोऱ्या गाड्या दिसतील. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सीटवर अजून प्लास्टिक. हळदकुंकू वाहिलं जातं, नारळ फुटतो, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. या सगळ्या सोहळ्यात एका वस्तूला कोणी हात लावत नाही. ती डिक्कीत पिशवीत पडून असते. गाडीची पुस्तिका.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही असाच सोहळा झाला. मी नोकरीतल्या पहिल्या बऱ्यापैकी बोनसमधून आईला एकशेदहा सीसीची स्कूटर घेऊन दिली. आई घरी शिवणकाम करते. तिचं फिरणं म्हणजे सक्करदऱ्याहून रेशीमबाग, अस्तर-बटणांसाठी बुधवारी बाजार आणि बाबांच्या तपासणीसाठी मेडिकल चौक. आठवड्याला फार तर पंचेचाळीस किलोमीटर. शोरूमवाल्यानं चावी देताना सांगितलं होतं, "सातशे पन्नास झाले की या." आईनं ते मनापासून लक्षात ठेवलं. रोज गाडी उभी करताना ती आकडा बघायची.

साधारण अडीच महिन्यांनी, आकडा चारशे साठवर असताना, मीच म्हटलं, चल एकदा दाखवून आणू. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलानं तारीख बघितली आणि म्हणाला, "मॅडम, पहिली फ्री सर्व्हिस लॅप्स झाली."

"पण सातशे पन्नास झालेच नाहीत ना अजून," आई म्हणाली.

त्यानं पुस्तिका उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ इंग्रजीत होती. पहिली सर्व्हिस ७५० ते १००० किलोमीटर किंवा ३० दिवस, यांपैकी जे आधी होईल ते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पोटासाठी कोड लिहिते, पण पदवी मेकॅनिकलची आहे. अंतर्ज्वलन इंजिनाच्या पेपरला मला चांगले मार्क होते. आणि माझ्याच आईच्या गाडीची पुस्तिका मी उघडली नव्हती. त्यामुळे या लेखात ज्यांच्यावर मी चिडणार आहे, त्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. आम्ही मजुरी भरली, ऑइल बदललं, पुढच्या सर्व्हिस वेळेवर केल्या. अकराव्या महिन्यात गाडीचा सेल्फ लागेना. स्टार्टर मोटर गेली होती. गाडी वॉरंटीत होती, तरी उत्तर आलं: पहिली सर्व्हिस वेळेत नाही, क्लेम बसत नाही. स्टार्टर मोटर विजेवर चालते. इंजिन ऑइल चव्वेचाळीस दिवस उशिरा बदलल्यानं ती कशी बिघडते, हे मी तिथे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "ताई, कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." आईनं ब्लाउजच्या शिलाईचे जमवलेले २,८५० रुपये काउंटरवर ठेवले आणि मला म्हणाली, "चाल, सोड आता."

मी सोडलेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी तांत्रिक बाजू, कारण राग योग्य ठिकाणी काढायचा तर ती माहीत हवी. नव्या इंजिनाचा सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत नसतो. त्यावर मुद्दाम एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्यांत ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये त्या पृष्ठभागावर घासून 'बसतात'. रिंगा, बेअरिंग, कॅम, सगळ्यांची उंचवटे झिजून एकमेकांशी ओळख होते. इंजिनाच्या उभ्या आयुष्यात झीज सगळ्यात वेगानं होते ती याच काळात, आणि त्या झिजेचा धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो.

चारचाकीत हा चुरा अडवायला कागदी फिल्टर असतो. म्हणूनच बऱ्याच नव्या कारच्या हजार किलोमीटरच्या पहिल्या तपासणीत ऑइल बदलायला सांगितलेलंच नसतं. पण आपल्याकडच्या कित्येक छोट्या स्कूटरमध्ये कागदी फिल्टर नसतोच, असते ती फक्त तारेची जाळी. जाळी मोठे कण अडवते. बारीक चुरा ऑइलबरोबर फिरत राहतो. त्यातून स्कूटरमध्ये ऑइल असतं पाऊण लिटरच्या आतबाहेर. कारच्या तीन-चार लिटरांत जो कचरा विरून जातो, तो इथे एका चहाच्या किटलीएवढ्या ऑइलमध्ये मावायचा असतो. म्हणून कारवाल्या मामाचा सल्ला स्कूटरला लागू पडत नाही.

बाबांचाही पडत नाही. बाबांनी वर्षानुवर्षं टू-स्ट्रोक चेतक चालवली. १९७२ साली आलेली ती बजाजची गाडी आपल्या आधीच्या पिढीचं विद्यापीठच होती. तिरपी करून स्टार्ट करणं, प्लग काढून पुसणं, सगळं त्यांना तिनंच शिकवलं. बाबा म्हणतात, "आमच्या चेतकचं महिन्याभरात इंजिन ऑइल कोणी बदललं होतं?" कोणीच नाही, आणि ते बरोबरच होतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि जळून निळ्या धुरातून बाहेर जायचं. बदलायचं असायचं ते गिअरबॉक्सचं. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत तेच ते ऑइल पुन्हा पुन्हा फिरतं. बाबांचा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या यंत्राचा आहे.

आता दिवसांची अट. खरं सांगायचं तर तीही बिनबुडाची नाही. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ आणि न जळालेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जाण्याएवढी उष्णता मिळत नाही. म्हणजे आईसारखी "गाडी जपून वापरणारी" माणसं, जी आकडा वाढू देत नाहीत, त्यांचं ऑइल किलोमीटरच्या मानानं लवकर खराब होतं. अट बरोबर आहे. चुकीची आहे ती सांगण्याची पद्धत. चावी देताना तोंडी फक्त किलोमीटर सांगायचे आणि दिवस इंग्रजी पुस्तिकेतल्या तक्त्यात ठेवायचे. कमी गाडी चालवणारं कोण असतं? घरकाम सांभाळणाऱ्या बाया, निवृत्त माणसं. जे सगळ्यात कमी चालवतात, त्यांनाच ही अट पकडते.

दुसरं टोक आमच्याच गल्लीत आहे. एक पोरगा जेवण पोचवायचं काम करतो, हप्त्यावर नवी मोटरसायकल घेतलेली. दिवसाला सव्वाशे किलोमीटर. साडेसातशेचा आकडा त्यानं सहाव्या दिवशी गाठला. सर्व्हिसला गाडी द्यायची म्हणजे एक दिवसाची कमाई गेली आणि आठवड्याचा इन्सेंटिव्हही गेला. त्यानं पहिलं ऑइल बदललं सव्वीसशेला. डिपस्टिकच्या टोकाला जेमतेम ओल होती. मी ओरडले तर म्हणाला, "ताई, हप्ता काय ऑइलची वाट पाहून राहिला का?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं की हप्ता अजून अडीच वर्षं आहे, तोवर इंजिन टिकलं पाहिजे.

उशीर हा एकच आजार नाही. "शंभर किलोमीटरलाच ऑइल फेकून दे, इंजिन मख्खन होते" असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. तेही नको. काही कंपन्या कारखान्यातून निघतानाच रिंगा नीट बसाव्यात म्हणून विशिष्ट ऑइल भरतात. ते आपलं काम करेपर्यंत राहू द्यावं. आणि नागपूरचा उन्हाळा म्हणून "घट्ट" ऑइल घाला, हा सल्ला तर इथे चौकाचौकात मिळतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे खरं, पण गाडी बनवणाऱ्यानं ग्रेड ठरवताना उन्हाळा गृहीत धरलेला असतो. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या बारीक वाटांमधून २०डब्ल्यू-५० सकाळच्या पहिल्या स्टार्टला सावकाश वर चढतं, आणि तेवढा वेळ धातू धातूवर घासतो. बाटलीवरची दोन अक्षरंही बघा. गिअरच्या मोटरसायकलला, जिथे क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, 'एमए' गटाचं लागतं. बिनगिअरच्या स्कूटरला बहुतेकदा 'एमबी' चालतं. अदलाबदल केली तर मोटरसायकलचा क्लच घसरू शकतो.

दुसरं ऑइल मी सेंटरमध्ये बदललं नाही. तिथे ग्राहकाला काचेच्या पलीकडे बसवतात, टीव्ही लावून. मी गेले उमरेड रोडकडच्या एका मेकॅनिकदादाकडे, ज्याचं दुकान म्हणजे एक कडुनिंब आणि एक पेटी. त्यानं इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवलं, मेन स्टँडवर गाडी घेतली, खालचा बोल्ट काढला आणि जुनं ऑइल एका पसरट डब्यात धरलं. मग डबा उन्हात तिरपा करून म्हणाला, "हे पाहा ताई, चांदी दिसते का? आता नाही दिसत. पहिल्या वेळी दिसते." पहिल्या वेळी आम्हाला कोणी दाखवलंच नव्हतं. मी रोज सर्व्हरचे लॉग वाचून पगार घेते. इंजिनानं जन्मल्यापासूनचा आपला लॉग त्या पहिल्या ऑइलमध्ये लिहिलेला असतो, आणि तो आपण काचेपलीकडे ओतून देऊ देतो.

तर नवी गाडी घेतलेल्यांनो, एवढं करा. पुस्तिका उघडा, किलोमीटर आणि दिवस दोन्ही शोधा. पहिले पाचशे किलोमीटर थ्रॉटल पूर्ण पिळू नका, पण एकाच वेगानंही चालवू नका. सर्व्हिसला "फ्री" म्हणजे मजुरी फ्री, ऑइलचे पैसे लागतात हे धरून चला. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. बोल्टचा वॉशर नवा घाला, जाळी साफ झाली का विचारा. ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेवढ्याच मिलीलिटरचं. जास्त घातलं तर फेस होतो आणि एअर फिल्टरकडे चढतं. बाटलीत उरलं तर ते तुमचं आहे, घरी घेऊन या. शेवटी डिपस्टिक स्वतः पुसून बघा. ती आट्यावर फिरवून बघायची की नुसती टेकवून, हेही पुस्तिकेतच असतं. सर्व्हिस रेकॉर्डवर तारीख, किलोमीटर, शिक्का, आणि त्याचा फोटो. जुनं ऑइल मात्र नालीत नको. नाली नाग नदीला मिळते, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला. ते पाणी खालच्या गावांत कोणीतरी वापरतं.

"एवढं कोण करतं? गाड्या चालतातच ना," असं म्हणणारे भेटतील. गाड्या चालतात, खरं आहे. एक सर्व्हिस उशिरा झाली म्हणून इंजिन रस्त्यात बसत नाही, हे मीही मान्य करते. पण मुद्दा निव्वळ इंजिनाचा असता तर आईचे २,८५० रुपये गेले नसते. ते गेले एका ओळीमुळे, जी तिला वाचता येणाऱ्या भाषेत नव्हती, जी तिला तोंडी अर्धीच सांगितली गेली, आणि जी तिच्याविरुद्ध मात्र पूर्ण वापरली गेली.

म्हणून माझ्या मागण्या दोनच. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत पहिल्या सर्व्हिसची अट मराठीत, मोठ्या अक्षरांत, चावीसोबत हातात द्या, आणि त्यावर शेवटची तारीख पेनानं लिहून द्या. आणि ऑइलच्या उशिराचं कारण देऊन विजेच्या सुट्या भागाची वॉरंटी नाकारू नका. कोणी नाकारलीच तर "लेखी द्या" म्हणा. मी तेव्हा म्हटलं नाही, ही माझी दुसरी चूक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. समोरच्याचा भरवसा कायद्यावर नसतो, आपल्या "चाल, सोड आता"वर असतो.

गेल्या महिन्यात आईच्या भिशीतल्या एका काकूंनी स्कूटर घेतली. पूजेला आईला बोलावलं होतं. नारळ फुटायच्या आधी आईनं डिक्की उघडायला लावली, पुस्तिका काढली आणि फोटो काढून मला पाठवला, "यात दिवस किती लिहिले ते सांग." मी सांगितले. तिनं काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेभोवती लाल पेनानं गोल केला. मग म्हणाली, आता फोडा नारळ.