यजमानीणबाईंचे पान

दिवाळीत फराळाची देवाणघेवाण पुष्कळ होते, पण गप्पा होत नाहीत. ताट घेऊन आलेली मंडळी उंबऱ्यातूनच 'अजून चार घरे राहिली आहेत' म्हणून वळतात. म्हणून भाऊबीज आटोपली, माहेरवाशिणी परतल्या, की घरोघरी एक नवा बेत शिजू लागतो. 'एकदा सगळ्यांना रात्री जेवायलाच बोलवू या. काही विशेष नको, आपले घरचेच साधे जेवण!'

बेत उत्तम आहे. धोका आहे तो 'साधे' या शब्दात. हा शब्द उच्चारल्यापासून दोन दिवसांच्या आत पनीर येते, पुलाव येतो, दोन कोशिंबिरी येतात, आणि 'नुसते एकच गोड कसे दिसेल?' म्हणून दुसरेही येते. पाहुणे येतात त्या संध्याकाळी घरातली बाई इतकी दमलेली असते, की तिचे 'या, या!' हे शब्द 'जा, जा'च्या सुरात ऐकू येतात.

मी मराठीची प्राध्यापिका, त्यामुळे कोणतीही अडचण आली की आधी शब्दांकडे जाण्याची खोड आहे. आपण 'निमंत्रण' आणि 'आमंत्रण' हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरतो. पण संस्कृत व्याकरणकारांनी त्यांत फार मार्मिक भेद केला आहे. निमंत्रण म्हणजे जे पाळलेच पाहिजे असे बोलावणे, उदाहरणार्थ श्राद्धाच्या जेवणाचे. आमंत्रण म्हणजे ज्यात येणाऱ्याला आपल्या इच्छेने वागण्याची मोकळीक आहे असे. निवांत जेवणाचे जे बोलावणे असते ते आमंत्रण. तिथे कोणावर सक्ती नाही. मग ती बोलाविणाऱ्यावर तरी का असावी?

दुसरा शब्द 'यजमान'. मुळात यजमान म्हणजे यज्ञ करणारा. पण प्रत्यक्ष कामे ऋत्विज करीत. यजमानाने खर्च सोसायचा आणि पुण्य घ्यायचे. आपल्या घरांनी हा अर्थ किती इमानाने जपला आहे पाहा! यजमान बैठकीत पाहुण्यांशी गप्पा मारीत बसलेले, आणि ऋत्विज आत शेगडीपाशी. फरक एवढाच, की यज्ञातल्या ऋत्विजाला दक्षिणा मिळत असे.

ही केवळ थट्टा नव्हे, यात साधा हिशेब आहे. समजा, पाहुणे आठ आणि घरची माणसे चार. माणशी तीन पोळ्या धरल्या तर छत्तीस पोळ्या झाल्या. लाटणे, भाजणे, तूप लावणे मिळून एका पोळीला दोन मिनिटे धरा. म्हणजे बहात्तर मिनिटे. आणि जेवण फार तर पाऊण तासाचे! तेव्हा 'पोळी तव्यावरून थेट पानात' हा आग्रह जोवर आहे, तोवर त्या घरची बाई पंक्तीला बसूच शकत नाही. तिच्या हौसेचा किंवा स्वभावाचा इथे प्रश्नच नाही. घड्याळच तिला बसू देत नाही. पंगती गेल्या, टेबले आली, काही घरी उभ्याने वाढून घ्यायची पद्धतही आली. पण तवा तापलेला आहे तोवर तवा सांभाळणारी आतच राहते.

म्हणून जेवणाचा बेत आखण्याची माझी रीत उलटी आहे. काय काय करायचे, यापासून सुरुवात न करता यजमानीणबाईंचे पान कुठे मांडायचे, यापासून करावी. ते पान पाहुण्यांच्या पानांबरोबर मांडले जाईल, तेवढेच पदार्थ बेतात ठेवावेत. बाकीचे आपोआप गळतात.

असे जेवण शोधायला आम्हां यवतमाळकरांना दूर जावे लागत नाही. आमच्या वऱ्हाडात रोडग्यांचे जेवण आहे. शेतात, देवाच्या ठिकाणी, नवस फेडताना, किंवा नुसतेच थंडी पडली म्हणून रोडगे केले जातात. गव्हाचे रवाळ दळलेले पीठ, त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन. ते घट्ट भिजवायचे, थरांवर थर देऊन त्याचे गोळे वळायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे. वर खरपूस कवच आणि आत मऊ पदर. जोडीला तुरीचे वरण, वांग्याची झणझणीत भाजी, कांदा, लिंबू आणि तूप. गोड वेगळे करावे लागत नाही. शेवटचा रोडगा कुस्करून त्यात गूळ आणि तूप कालवले की झाले.

या जेवणाची खरी गंमत चवीपेक्षाही त्याच्या रचनेत आहे. रोडगे एकेक करून पानात येत नाहीत, सगळे एकदम तयार होतात. राख झटकून कापडात गुंडाळून ठेवले की बराच वेळ गरम राहतात. भाजी मुरली की उलट अधिक चांगली लागते. आणि विस्तवापाशी बहुधा पुरुष मंडळीच असतात! एरवी घरात पाण्याचा पेला स्वतः न उचलणारे गृहस्थ इथे डोळ्यांत धूर जात असताना रोडगे उलटेपालटे करीत बसतात आणि 'अजून कच्चा आहे न बाप्पा!' अशी तज्ज्ञाची मतेही देतात. बायका झाडाखाली बसून बोलतात. मग सगळे एकदमच जेवतात.

'पण आमच्या तिसऱ्या मजल्यावर गोवऱ्या कशा पेटवायच्या?' हा प्रश्न रास्त आहे. तिथे गोळे आधी वीसेक मिनिटे वाफवून घ्यावेत, आणि मग ओव्हनमध्ये किंवा झाकणाच्या जाड कढईत, मंद आंचेवर, सगळ्या बाजूंनी लालसर होईपर्यंत भाजावेत. गोवरीचा धुरकट वास येणार नाही, पण निवांतपणा पुरेपूर येईल. बारा माणसांना दोन किलो पीठ, पाऊण किलो तुरीची डाळ, दोन किलो वांगी, अर्धा किलो तूप आणि तेवढाच गूळ पुरतो. कोणाला साखरेचा विकार असेल तर गुळाकडे बोट न दाखविता वाटी नुसती मध्ये ठेवावी, घेणारे घेतील.

वेळापत्रकही सोपे आहे. दळण आदल्या दिवशी. दुपारी चारला वांग्यांची भाजी करून झाकून ठेवावी. पाचला गोळे वळून वाफवावेत. सहाला वरण. सातच्या सुमारास भाजणे सुरू करावे आणि ते काम घरातल्या पुरुषांकडे द्यावे. 'हे काम परंपरेने पुरुषांचेच' असे सांगितले म्हणजे ते मान ताठ करून करतात. साडेसातला यजमानीणबाईंनी तोंडावर पाणी मारून साडी बदलावी. आठला पाहुणे आले की त्यांच्याशी बोलायला त्याच पुढे असाव्यात. साडेआठला वरण-भाजीची भांडी, रोडग्यांची टोपली आणि तुपाची वाटी मधोमध ठेवावी, आणि सगळ्यांनी एकदम बसावे. पाणी, मीठ, लिंबू ही देखरेख मुलांना सोपवावी. मुले या कामात रमतात.

राहता राहिला आग्रह. आमच्याकडे आग्रहाशिवाय वाढलेले जेवण अळणी समजतात. 'थोडंसं घ्या न!' हे ऐकल्यावाचून पाहुण्याला दुसरा घास जात नाही. आग्रह जरूर करावा, पण बसल्या जागेवरून. उभे राहून पातेले घेऊन फिरणारी बाई आग्रह करते तेव्हा पाहुण्याला जेवण वाढले जाते; शेजारी बसून जेवणारी बाई करते तेव्हा त्याला सोबत मिळते.

बेत साधा ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दहा पदार्थांचे जेवण म्हणजे पाहुण्याच्या डोक्यावर ठेवलेले कर्ज असते. जेवून परतताना जोडप्यातली बाई मनाशी म्हणते, 'आता यांना बोलवायचे तर आपल्यालाही एवढे करावे लागणार.' तेवढी ताकद किंवा तेवढे पैसे नसले की ते बोलावणे पुढे पुढे ढकलले जाते, मग भेटही टळते, आणि चांगला स्नेह एका थाटाच्या जेवणापायी आटून जातो. शेजारणीला 'हे तर मीही करू शकेन' असे वाटले, की समजावे, आपले जेवण साधले.

यवतमाळला मोठ्या पाहुणचारांचीही सवय आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. या दुसऱ्या वेळी उद्घाटनासाठी बोलाविलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे आमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. त्यावर पुष्कळ वादळ उठले आणि अनेक साहित्यिकांनी येण्याचे टाळले. चार माणसांच्या जेवणालाही त्यातून एक नियम घेता येतो : यादी करताना हवा तेवढा विचार करा, पण एकदा दिलेले बोलावणे परत घेऊ नका.

त्याच संमेलनाने आणखी एक गोष्ट दाखविली. उद्घाटन अखेर या जिल्ह्यातल्याच वैशाली येडे यांनी केले. पतीच्या आत्महत्येनंतर शेतकऱ्याचा संसार एकटीने ओढणारी ही बाई व्यासपीठावर आली आणि आपले म्हणणे तिने स्वतःच्या तोंडाने मांडले. ज्या बायकांच्या कष्टांवर मोठी कार्ये पार पडतात, पण ज्या स्वतः पडद्याआड राहतात, त्यांच्यापैकी एकीला त्या दिवशी मानाची जागा मिळाली. ती जागा द्यायला आपल्या घरी संमेलन भरविण्याची गरज नाही. एक पान जास्त मांडले की पुरते.

तेव्हा या दिवाळीनंतर जेवायला कोणाला बोलवाल, तर ताटे काढताना मोजणी नीट करा. पाहुणे आठ, घरची चार; पाने बारा, अकरा नव्हेत. बारावे मांडून झाले की स्वयंपाकघराचा दिवा मालवा आणि मगच सर्वांना हाक मारा.