विश्लेषण : बालवाडीतला वाढदिवस नेमका कोणाचा?

जून उजाडला, की प्लेग्रुप आणि नर्सरीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न फिरू लागतात. 'रिटर्न गिफ्ट काय देताय?' आणि 'उद्याचा ड्रेस भाड्याने कुठे मिळेल?' लहान मुलांच्या वर्गात वाढदिवस आणि सण साजरे व्हावेत, याबद्दल फारसा वाद नाही. ते कसे आणि कोणाच्या खर्चाने, हा खरा प्रश्न आहे.

वर्गात हे हवंच कशाला?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षे हा 'पायाभूत टप्पा' मानला आहे आणि खेळ, गाणी, गोष्टी यांतून शिकण्यावर भर दिला आहे. या वयात 'काल' आणि 'उद्या' यांतही गोंधळ होतो. सण आणि वाढदिवस वर्षाला खुणा देतात. शिवाय आज मित्राचा दिवस आहे, माझा नंतर येणार, हे थांबणंही मूल इथेच शिकतं.

मग बिघडतं कुठे?

घरच्या वाढदिवसाला बोलावलेली मुलं येतात. वर्गात मात्र सगळेच हजर असतात आणि सगळेच तुलना करतात. 25 मुलांच्या वर्गात प्रत्येकी 100 रुपयांची भेट म्हणजे 2,500 रुपये. एकाने कंपास पेटी दिली, की पुढच्याला पाण्याची बाटली द्यावीशी वाटते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यापुढे ओढाताण करून खर्च करणं किंवा त्या दिवशी मुलाला घरी ठेवणं, एवढंच उरतं. मे महिन्यात जन्मलेल्या मुलाचा दिवस तर सुट्टीतच निघून जातो.

केक-चॉकलेटचं काय?

शाळेच्या आवारात आणि आवारापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ विकू नयेत, असा एफएसएसएआयचा 2020 चा नियम आहे. तो विक्रीबाबत आहे. पण वर्गात 25 मुलं असतील तर वर्षात 25 केकही होऊ शकतात. मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकात साखरेचा वाटा 13 टक्के आहे, तो 5 टक्क्यांच्या आत हवा, असं त्या परिपत्रकात म्हटलं होतं. कडक गोळ्या आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, हा धोका वेगळाच.

सणांचा प्रश्न वेगळा का?

आषाढीला विठ्ठल, दहीहंडीला कृष्ण, नाताळला सांता. डिसेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूरच्या शिक्षण विभागाने मुलांना सांता बनवण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, असा आदेश काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राखी, टिळा किंवा मेंदीसाठी मुलांना शिक्षा करू नये, असं कळवलं होतं. म्हणजे वाद दोन्ही बाजूंनी होतो. संविधानाच्या कलम 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. पण शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी ईदला काय करतात, हे ऐकणं म्हणजे उपासना नव्हे. मातीची पणती स्वतः रंगवणाऱ्या मुलाला दिवाळी कळते. भाड्याच्या पोशाखात घामाघूम होऊन उभं राहणाऱ्याच्या वाट्याला फक्त फोटो येतो.

आणि तो फोटो?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. शाळेने पानावर टाकलेल्या फोटोत आपलंच नव्हे, इतरांचंही मूल असतं, हे पालकांनीही शेअर करण्याआधी लक्षात घ्यायला हवं.

तोडगा काय?

माँटेसरी वर्गांतली एक पद्धत बिनखर्चाची आहे. मध्ये सूर्य म्हणून दिवा ठेवतात. मूल पृथ्वीचा गोल हातात घेऊन वयाच्या वर्षांइतक्या फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीला त्या वर्षाची गोष्ट सांगितली जाते. आपल्याकडच्या औक्षणालाही पैसे लागत नाहीत. सरकारी शाळांच्या पोषण आहार योजनेत 'तिथी भोजन' आहे, महाराष्ट्रात त्याला 'स्नेहभोजन' म्हणतात. वाढदिवसाला किंवा सणाला कोणी काही द्यायचं, तर ते पंगतीतल्या सगळ्यांना सारखं.

खासगी बालवाडीतही हे जमू शकतं : महिन्यातून एकदा सगळ्यांचा एकत्र वाढदिवस, मे महिन्यातल्या मुलांचा एप्रिलमध्ये, भेटवस्तू बंद, खाऊ शाळेने ठरवलेला. मात्र हे एकट्या पालकाला जमणारं नाही. जो आधी थांबतो त्याचंच मूल वर्गात रिकाम्या हाताने उभं राहतं. म्हणून नियम शाळेने करायचा आणि तो जूनच्या पहिल्या पालकसभेतच सांगायचा. एकदा 'रिटर्न गिफ्ट'ची रांग लागली, की तो सांगणं अवघड होतं.