पडद्यावरचा दर आणि दुकानातले बिल

औषधाची किंमत रुग्णाने विचारायची नसते, असा एक समज समाजात दीर्घकाळ रूढ होता. डॉक्टरांनी लिहावे, दुकानदाराने काढून द्यावे आणि नातलगाने निमूटपणे पैसे मोजावेत, अशी ती रीत होती. मोबाईलने ती मोडली. जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आलेल्या रुग्णाचा मुलगा आज चिठ्ठीवरील नाव आधी मोबाईलवर शोधतो आणि मगच दुकानाची पायरी चढतो. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु पडद्यावर एक आकडा, वेष्टनावर दुसरा आणि बिलावर तिसरा, असा अनुभव त्याला वारंवार येतो. मग एक तर दुकानदार लुबाडतो आहे, नाही तर इंटरनेटवर सारेच खोटे असते, असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. हे दोन्ही निष्कर्ष बहुधा घाईचे असतात.

प्रश्न केवळ चार पैशांच्या वादाचा नाही. रक्तदाब व मधुमेह यांसारख्या विकारांत औषध हा घरभाड्याइतकाच दरमहाचा ठरलेला खर्च असतो. निवृत्त शिक्षकाला किंवा कचेरीतील कारकुनाला तो पगारातून अथवा निवृत्तिवेतनातून भागवावा लागतो. आपण फसवले जात आहोत या समजुतीने गोळी बदलली, एक दिवसाआड घेतली किंवा बंदच केली, तर त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. म्हणून दराविषयीची माहिती पारखून घेणे हा आरोग्याचाच भाग मानला पाहिजे.

पहिली पारख तारखेची. २०२४ च्या एप्रिलमध्ये औषधे १२ टक्क्यांनी महागणार, अशा बातम्या सर्वत्र पसरल्या. केंद्र सरकारला त्या खोट्या व दिशाभूल करणाऱ्या असल्याचे जाहीर करावे लागले. सूचीतील औषधांच्या कमाल किमती दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात. हा बदल २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के होता. २०२४ मध्ये मात्र तो अवघा ०.००५५१ टक्के होता. त्या वर्षी ५४ औषधांची कमाल किंमत वाढली, तीही प्रत्येकी एका पैशाने. म्हणजे १२ टक्के हा आकडा २०२३ साठी खरा होता आणि २०२४ साठी खोटा. उलट बाजूने पाहिले, तर २०२१ ची कमाल किंमत दाखवणारे पान दोनच वर्षांत जवळजवळ चोवीस टक्क्यांनी मागे पडले होते. ज्या आकड्याखाली तारीख नाही, तो आकडा पुरावा म्हणून कामाचा नाही.

दुसरी पारख, तो आकडा नेमका कशाचा आहे, ही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण सूचीतील औषधांची कमाल किंमत ठरवते. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या उत्पादनांच्या, किरकोळ विक्रेत्यास पडणाऱ्या दरांची सरासरी काढून तीत १६ टक्के मिळवले की ही किंमत निघते. ती एका गोळीची असते आणि तीत वस्तू व सेवा कर धरलेला नसतो. वेष्टनावरील किंमत मात्र संपूर्ण पाकिटाची आणि करासह असते. समजा, एका गोळीची कमाल किंमत दोन रुपये आहे. पाकिटात दहा गोळ्या असतील असे गृहीत धरणारा ग्राहक वीस रुपयांची अपेक्षा ठेवून दुकानात जातो. प्रत्यक्षात पाकीट पंधरा गोळ्यांचे असते, त्यावर पाच टक्के कर लागतो आणि बिल साडेएकतीस रुपयांचे होते. येथे कोणीच कोणाला फसवलेले नाही. तुलना तेवढी चुकलेली आहे. साधी गोळी आणि तीच, पण शरीरात सावकाश विरघळणारी गोळी यांचे दरही वेगळे असतात. नावापुढील एक-दोन अक्षरे वाचायची राहिली, तरी हिशेब चुकतो.

सूचीबाहेरच्या औषधांना तर अशी कमाल किंमतच नसते. त्यांची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन असते. त्यामुळे एकाच द्रव्याचे अनेक दर एकाच वेळी खरे असू शकतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, १७ एप्रिल २०२१ रोजी, रेमडेसिविरच्या १०० मिलिग्रॅमच्या कुपीचे सात कंपन्यांचे सुधारित दर जाहीर झाले. सर्वांत स्वस्त कुपी ८९९ रुपयांची, तर सर्वांत महाग ३,४९० रुपयांची होती. द्रव्य तेच, मात्रा तीच आणि दोन्ही दर अधिकृत. आदल्या दिवसापर्यंत यांपैकी काही कुप्यांवर ५,४०० रुपये छापलेले होते. त्या आठवड्यात ‘रेमडेसिविरचा दर अमुक’ असा एकच आकडा पुढे पाठवणारा प्रत्येक जण अर्धसत्य पसरवत होता.

जनऔषधी केंद्रांच्या दरांबाबतही असाच गैरसमज आढळतो. त्या केंद्रातील दर त्या केंद्रापुरता असतो. तो देण्याचे बंधन शेजारच्या खासगी दुकानदारावर नाही. चिठ्ठीत कंपनीचे नाव लिहिलेले असताना तेच द्रव्य असलेली दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी परस्पर देण्यासही १९४५ च्या औषध नियमांनी विक्रेत्याला मनाई केली आहे. म्हणजे स्वस्त औषधाचा मार्ग दुकानातून नव्हे, तर डॉक्टरांच्या टेबलावरून जातो. औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांत २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्ट सांगितले आहे. दुकानदाराशी हुज्जत घालण्याऐवजी डॉक्टरांना हे नाव लिहिण्याची विनंती करणे अधिक फलदायी ठरेल.

तिसरी पारख सांगणाऱ्याची. औषध विकणाऱ्या संकेतस्थळावरील मोठी सवलत ही मुळात जाहिरात असते. छापील किंमतच फुगवलेली असेल, तर निम्म्या दराची सवलतही महागात पडू शकते. म्हणून सवलतीच्या टक्क्यांकडे न पाहता हाती पडणाऱ्या एका गोळीचा दर पाहावा. परदेशी पानांवरील किमती त्या त्या देशाच्या विमा पद्धतीशी जोडलेल्या असतात. येथे त्यांचा उपयोग नाही. दुकानाच्या शोधातही घोटाळा होतो. अनेक ठिकाणी शहराचे जुने नाव कायम आहे आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. तेव्हा पत्त्यातील पिनकोड पाहिलेला बरा.

मग अखेरचा निवाडा कोणाचा? छापील किमतीचा, असे उत्तर सहज सुचते. पण तेही पुरते बरोबर नाही. किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे चालू दरपत्रकातील किंमत आणि वेष्टनावरील किंमत यांपैकी जी कमी असेल, तीहून जास्त रक्कम ग्राहकाकडून घेता येत नाही. विक्रेत्याने हे दरपत्रक दुकानात दर्शनी जागी ठेवणेही बंधनकारक आहे. या तरतुदीचे मोल २२ सप्टेंबर २०२५ नंतर प्रकर्षाने दिसले. त्या दिवसापासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवनरक्षक औषधांवरील १२ टक्के कर पूर्णपणे रद्द झाला. जुन्या मालावर नवी किंमत छापण्याची सक्ती मात्र नव्हती. दुकानात सुधारित दराने विक्री होईल, एवढी खबरदारी कंपन्यांनी घ्यायची होती. अशा वेळी वेष्टनावरचा जुना, चढा आकडा दाखवून पैसे मागितले गेले, तर मोबाईलवर मिळालेली ताजी आणि अधिकृत माहितीच ग्राहकाच्या मदतीला येते. इंटरनेट टाकाऊ नाही, ते याचसाठी.

शासनाची जबाबदारी येथेच सुरू होते. प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ हे साधन २०१६ पासून आहे. जनऔषधीचे दर सांगणारे ‘सुगम’ २०१९ मध्ये आले. साधने आहेत, पण ती माहीत असणाऱ्यांसाठी आहेत. रुग्णालयाच्या औषधखिडकीपाशी दहा ओळींचा मराठी फलक लावला, त्यावर अधिकृत दर कोठे पाहावा, कमाल किंमत म्हणजे काय आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे कशी करावी, एवढेच लिहिले, तरी कितीतरी वाद मिटतील. दुकानातील दरपत्रक केवळ तपासणीच्या दिवशी दर्शनी जागी येत असेल, तर प्रशासनाने तेही पाहिले पाहिजे. ज्या शहराच्या चिकलठाणा व वाळूज वसाहतींत औषधे तयार होतात आणि जेथे औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी शिकतात, तेथे हे काम अवघड असू नये.

नागरिकांनीही दर पुढे पाठवण्यापूर्वी औषधाचे मूळ नाव, मात्रा, गोळ्यांची संख्या, कराचा उल्लेख, तारीख आणि माहितीचा उगम या सहा गोष्टी तपासाव्यात. यांतील एकही नसेल, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवावा. पडद्यावरचा दर हा दुकानात जाऊन विचारायचा प्रश्न आहे, तेथे सुनवायचा निकाल नव्हे. त्या प्रश्नाचे उत्तर दरपत्रकासह आणि पक्क्या बिलासह मिळणे हा मात्र ग्राहकाचा हक्क आहे आणि तो सोडण्याचे काहीच कारण नाही.