हिरव्या पानाची हमी

परवा डोंबिवलीच्या फडके रोडवर नातीबरोबर खरेदीला गेलो होतो. तिने उचललेल्या क्रीमच्या डबीवर एक हिरवे पान होते आणि त्याखाली ‘वनस्पतिजन्य’ असा शब्द. किंमत साडेपाचशे रुपये! चष्मा पुसून मागची यादी वाचली. पाणी, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल. मला हसू आले. आमच्या आईच्या फडताळात थंडीत ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याची एकच बाटली असे. तीच ओठांना, तीच टाचांना.

ही दोन्ही द्रव्ये पाणी धरून ठेवतात, म्हणून त्वचा मऊ राहते. खोबरेल किंवा पामतेलाचा साबण करताना ग्लिसरीन सुटे होते. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज आणि त्यावर हायड्रोजनची क्रिया करून सॉर्बिटॉल मिळते. शुद्ध ग्लिसरीन तेलातून आले काय, चरबीतून आले काय किंवा खनिज तेलातून, रेणू तोच. शाकाहारी माणसाला ते पान उपयोगी आहे, हे मान्य. पण शुद्धतेविषयी ते काहीच सांगत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष होते. तेही गोडसर, दाट आणि रंगहीन, म्हणून नजरेला फरक कळत नाही. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणी औषध खात्याच्या कारभाराची लक्तरे काढली. तरीही २०२५ साली छिंदवाड्याकडची मुले खोकल्याच्या औषधातल्या याच विषाने गेली. त्यांतली काही उपचारांसाठी नागपूरला आणली होती. आम्हा डोंबिवलीकरांना तर कारखान्याच्या पिंपात काय होते, ते २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत स्फोट झाल्यावरच समजले.

क्रीम पोटात जात नाही, हे खरे. पण सवय एकच आहे. आपण चित्र पाहतो, तपासणी विचारत नाही. बँकेत कर्ज देताना आम्ही अर्जदाराच्या घराण्याची कीर्ती ऐकून घेत असू, पण सही तारण तपासल्यावरच करत असू. ग्राहकानेही उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत पाहावी; सुटे, बिनलेबलचे ग्लिसरीन घेऊच नये. आणि सरकारने प्रयोगशाळांतली रिकामी पदे आधी भरावीत.

नातीला मी औषधाच्या दुकानातून ‘आय.पी.’ छापलेली ग्लिसरीनची सीलबंद बाटली घेऊन दिली. नुसते लावू नकोस, पाणी मिसळून ओल्या अंगाला लाव, असे सांगितले. ती म्हणाली, “आजोबा, यावर पान नाही.” म्हटले, “नाही बाळ, पण पत्ता आहे.”