सायकल नवी नको, नीट हवी!

मित्रांनो, एकदा हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर चक्कर मारून या. फर्स्ट इयरला घरून आणलेल्या सायकली थर्ड इयरपर्यंत तिथंच गंजत पडतात. टायर बसलेले, चेन लाल झालेली, सीटवर बोटभर धूळ. आणि मेसमध्ये चर्चा कशाची? तर ऐंशी हजारांच्या गियरवाल्या सायकलची! ती आली की म्हैसमाळ गाठायचं म्हणे. ती काही येत नाही आणि आपण काही जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लांबच्या, मिश्र रस्त्याची सायकल विकत मिळत नाही. ती तयार करावी लागते.

युरोपात 'सायक्लोक्रॉस' नावाची शर्यत असते. शेतातून, चिखलातून सायकल हाणायची आणि जमेना की खांद्यावर घेऊन पळायचं. फ्रान्समध्ये १९०२ साली तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पण ती सायकलसुद्धा तासाभराच्या शर्यतीसाठी बांधलेली असते. मोठ्या स्पर्धांत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. दिवसभर फिरायचं तर तिचेही टायर रुंद, गियर हलके आणि हँडल थोडं वर करावं लागतं. म्हणजे महागडी असो की साधी, सेटिंग कुणाला चुकलेलं नाही.

आता आपला रस्ता बघा. दौलताबादपर्यंत डांबर, पुढे घाट, मग खुलताबादवरून म्हैसमाळ. संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर, तर म्हैसमाळ हजाराच्या वर. रस्ता सोडून शिवारात घुसलात की खडी, मुरूम, पाणंद. सायकल लावायची ती यातल्या सगळ्यात वाईट पाच किलोमीटरसाठी. डांबरावर काय, कुठलीही पळते!

पहिलं गियर. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं. मागे २२ दातांचं फ्रीव्हील टाका, ते बरोबर २ वर येतं. चढावर लागणारा जोर १८ टक्क्यांनी कमी! उतारावर वेग थोडा जाईल, जाऊ द्या. चेनला मात्र एखादी कडी वाढवावी लागेल. गियरवाली असेल तर पुढे ३४, मागे ३४ मिळालं की घाट सुसह्य होतो.

दुसरं टायर. दगडासारखी हवा भरली की वेग वाढतो, हा गैरसमज आहे. खडीवर टणक टायर उड्या मारतो आणि दम आपला जातो. ४० मिलिमीटरच्या टायरला, साठ-पासष्ट किलोच्या माणसासाठी, ४५ पीएसआयच्या आसपास पुरतं. फार कमी केलीत तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. बाभळीच्या काट्यांसाठी जुना गावठी उपाय: जुनी ट्यूब उभी चिरायची आणि टायरच्या आत अस्तर घालायचं. वजन वाढतं, पण पंक्चर कमी होतात.

पावसाळ्यात काळ्या मातीत उतरू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही. सायक्लोक्रॉसच्या सायकलीत चाकाभोवती मोकळी जागा सोडतात ती यासाठीच. आणि ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसेलच असं नाही.

यातलं काय अवघड आहे? गियर रेशो सेकंड इयरला शिकतो, घर्षण तर फर्स्ट इयरलाच. मशीन डिझाईनमध्ये डिस्टिंक्शन आणि पंक्चर काढायला कोपऱ्यावरचा मामा! हे आपल्याला शोभतं का?

सर-मॅडमना एक विनंती. शनिवारी दुपारी वर्कशॉपमधलं एक टेबल, चार पाने आणि एक पंप आम्हाला द्या. स्टँडवरच्या सायकली आम्ही उभ्या करतो. आणि मित्रांनो, तोवर निदान आपापल्या चेनला तेल तरी घाला. म्हैसमाळ कुठं पळून जात नाही, पण आपली चार वर्षं पळतायत!