ताट आमचे, निर्णय कोणाचा?

जीएम मोहरीला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिलेल्या परवानगीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २३ जुलै २०२४ रोजी दोन वेगळे निकाल दिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी परवानगी रद्द ठरविली, न्या. संजय करोल यांनी ती कायम ठेवली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. या मतभेदाची चर्चा झाली. मात्र दोन्ही न्यायमूर्तींचे एकमत झाले ते आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. जीएम पिकांबाबत सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखा आणि जीएम अन्न, विशेषतः खाद्यतेल, आयात करताना लेबलविषयीचा कायदा पाळा, असे दोघांनीही सरकारला बजावले. याचा अर्थ इतकाच की, इतकी वर्षे हे नीट झालेले नव्हते.

हा विषय आपला नाही, असे चळवळीतील अनेकांना वाटते. अ‍ॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, गायरान हे आपले प्रश्न. मोहरी, वांगी आणि जनुके हे शास्त्रज्ञांचे आणि पर्यावरणवाल्यांचे. आम्हाला हे मान्य नाही. ज्या समाजाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा पोटावर खर्च होतो, त्याच्यासाठी अन्नाचा प्रश्न हाच पहिला प्रश्न असतो. आणि जीएम अन्न उद्या येणार आहे असेही नाही. ते केव्हाच आले आहे.

२००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले की झाड स्वतःच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते. आज देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी आहे. कपाशीचा कापूस गिरणीत जातो आणि सरकी घाण्यात. सरकीचे तेल खाद्यतेलात मिसळते, ढेप गाई-म्हशींपुढे पडते. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारे सोयाबीन तेलही मुख्यतः जीएम सोयाबीनचेच असते. ऑगस्ट २०२१ मध्ये तर केंद्राने कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली. यातले काही तुम्हाला-आम्हाला विचारून झाले काय?

हे अन्न घातक आहे काय, याचे उत्तर आम्ही भीती पसरवून देणार नाही. बाजारात असलेली जीएम अन्ने सुरक्षा तपासणीतून गेली आहेत आणि त्यांनी माणसाच्या आरोग्याला धोका होण्याची शक्यता दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालाचा निष्कर्षही जवळपास तोच आहे. शुद्ध केलेल्या तेलात तर प्रथिने जवळजवळ उरतच नाहीत. उंदरांना गाठी झाल्याचे फोटो दाखवणारा २०१२ चा फ्रान्समधील अभ्यास त्या नियतकालिकाने २०१३ मध्ये मागे घेतला होता. तोच पुरावा म्हणून मिरवणे आम्हाला शोभणार नाही. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आहे. तो कंपनीच्या जाहिरातीला लागू आहे, तसाच कंपनीविरोधकांच्या पत्रकालाही लागू आहे.

पण तीच आरोग्य संघटना आणखी एक गोष्ट सांगते. सर्व जीएम अन्नांना एकच दाखला देता येत नाही, प्रत्येक वाण स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. मग खरा प्रश्न उभा राहतो की, तपासायचे कोणी?

बीटी वांग्याचे उदाहरण घ्या. मूल्यांकन समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला हिरवा कंदील दाखवला. ज्या चाचण्यांवर हा निर्णय उभा होता त्या वाण विकणाऱ्या कंपनीच्याच होत्या, आणि त्यांची कागदपत्रे लोकांसमोर यावीत म्हणून माहिती अधिकार कायद्याखाली आणि न्यायालयात झगडावे लागले. पुढे तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपले नागपूरही होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. स्वतंत्र चाचण्या झालेल्या नाहीत आणि शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही, ही त्यामागची प्रमुख कारणे होती. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याच वांग्याला परवानगी दिली, हेही सांगितले पाहिजे. आमचे म्हणणे वांगे विषारी आहे असे नाही. आमचे म्हणणे असे की, आरोपीनेच पंचनामा लिहायचा आणि न्यायाधीशाने त्यावर सही करायची, याला कोणतेही कोर्ट तपास म्हणत नाही.

कायद्यात पुराव्याची जबाबदारी कोणावर, यावर निम्मा खटला ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर सिटिझन्स प्रकरणात सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. त्यानुसार नवी गोष्ट आणणाऱ्याने ती निर्धोक असल्याचे दाखवायचे असते. खाणाऱ्याने आजारी पडून सिद्ध करायचे नसते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चे कलम २२ हेच सांगते की, नियमांनी मुभा दिल्याशिवाय जीएम अन्न बनवता, विकता वा आयात करता येत नाही. त्या नियमांचे मसुदे मात्र २०२१ आणि २०२२ मध्ये निघाले. म्हणजे कायदा २००६ चा आणि मसुदा तब्बल पंधरा वर्षांनी!

सुरक्षितता केवळ ताटात मोजायची काय, हाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीच्या पाच सदस्यांनी २०१३ च्या अहवालात स्पष्ट लिहिले की, तणनाशक सहन करणारी जीएम पिके भारताच्या परिस्थितीत अयोग्य आहेत. शेती आणि पर्यावरण यांच्याबरोबर ग्रामीण उपजीविका हेही कारण त्यांनी दिले. ही उपजीविका कोणाची? निंदणी-खुरपणी करणारी बाई कोणाच्या घरची असते हे विदर्भ-मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. तिच्या नावावर सातबारा नाही, हातात खुरपे आहे. एका फवारणीने तिचा हंगाम संपतो. अकोला जिल्ह्यात जून २०१९ मध्ये परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे लावली गेली, तेव्हा शेतकऱ्याचे स्वातंत्र्य हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. मजुराचे काय, हे कोणी विचारले नाही.

बाईने जन्मभर खुरपेच हातात धरावे, असे आम्ही म्हणत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात दाखवून दिले होते की, शेतीवर अवलंबून असलेल्या जादा श्रमिकांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे. यंत्र आणि विज्ञान यांना बाबासाहेबांचा विरोध नव्हता. पण काम काढून घ्यायचे आणि दुसरे द्यायचे नाही, याला प्रगती कशी म्हणावी?

आणि फवारणी कोण करतो? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो दवाखान्यात गेले. ती कपाशी बीटीच होती. जनुकाने ते मेले असे आम्ही म्हणणार नाही, ते फवाऱ्याने मेले. पण प्रत्येक डब्यावर सुरक्षित वापराच्या सूचना होत्या. बारीक अक्षरांतल्या त्या सूचना पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचल्या नाहीत. कागदावरची सुरक्षितता बांधावर येईपर्यंत किती उरते, हे यवतमाळने दाखवले.

लेबलची गोष्ट तशीच. पाकिटावर जीएम अशी अक्षरे छापण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. पण रोजंदारी घेऊन संध्याकाळी दुकानात पावशेर सुटे तेल मागणाऱ्याला लेबल कोण दाखवणार? सुट्या तेलाच्या विक्रीवर कायद्याने निर्बंध आहेत, तरी ते विकले जाते आणि गरीबच ते घेतो. मॉलमध्ये जाणाऱ्याला निवड आहे, रेशनच्या रांगेतल्याला नाही. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुकीय संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यात परके जनुक नाही, म्हणून २०२२ च्या आदेशाने अशा वाणांना मूल्यांकन समितीच्या प्रक्रियेतून सूट आहे. हा भात चांगलाही असेल. पण उद्या तो रेशनच्या पोत्यात आला तर खाणाऱ्याला कळणार कसे?

या वादात दोन्ही बाजू आमच्या नावाने बोलतात. कंपन्या म्हणतात, गरिबांची भूक भागवण्यासाठी हे हवे. दुसऱ्या बाजूचे काही जण देशी बियाणे, गोमूत्र आणि प्राचीन कृषी संस्कृतीचे गोडवे गातात. ज्या प्राचीन संस्कृतीने आमच्या वाट्याला शेत नव्हे तर फक्त राबणे ठेवले, तिच्या रक्षणाला आम्ही जाणार नाही. आणि आमची भूक दाखवून कोणी धंदा करणार असेल तर त्याच्याही मागे जाणार नाही. आम्ही घटनेच्या बाजूने आहोत. अनुच्छेद २१ जगण्याचा हक्क देते, अनुच्छेद ४७ लोकांचे पोषण आणि आरोग्य हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवते आणि अनुच्छेद ५१-अ वैज्ञानिक दृष्टी हे नागरिकाचे कर्तव्य सांगते. या तिन्हींची सांगड म्हणजेच आमची भूमिका.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. चाचण्या सरकारी खर्चाने स्वतंत्र प्रयोगशाळांत व्हाव्यात आणि त्यांचे अहवाल परवानगीपूर्वी मराठीसह सर्व राज्यभाषांत खुले व्हावेत. राष्ट्रीय धोरणाच्या विचारविनिमयात शेतमजूर आणि रेशनकार्डधारक यांच्या संघटनांना जागा मिळावी. लेबलची सक्ती रेशन दुकानातील फलकालाही लागू व्हावी. आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची, हे कायद्यात लिहावे. नियामक प्राधिकरणाचे २०१३ चे विधेयक १५ व्या लोकसभेबरोबरच बारगळले. २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाची तरतूद आहे, पण सुट्या तेलाचा उत्पादक कोण हेच ग्राहकाला माहीत नसेल तर तो दावा कोणावर लावणार?

चळवळीच्या कार्यकर्त्यांनी आता ग्रामसभेत हा विषय मांडला पाहिजे. रेशन दुकानात, अंगणवाडीत आणि शालेय पोषण आहारात कोणते तेल वापरले जाते, ते कशापासून बनते, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत. १९२७ मध्ये महाडला आपण पाणी पिण्याचा हक्क बजावला. आज आपल्या ताटात काय वाढले आहे, हे विचारण्याचा हक्क बजावायचा आहे. वाढणाऱ्याला तो प्रश्न उद्धट वाटला तरी विचारायचा आहे.